नऊ गल्ल्या, सातवं गाणं

आवाज माझा आहे हे मला सरकारने सांगायची गरज नव्हती. कोल्हापुरातल्या जुन्या पेठांत कुठल्याही बाईला विचारा. मी कोपऱ्यावर हाक दिली की तिसऱ्या मजल्यावरची बाई धुणं तसंच टाकून कपाट उघडायची. केराबाई मोरबाळे आली म्हणजे जुनी कापडं जाणार आणि नवं भांडं येणार. कापडावर भांडी द्यायचा आमचा धंदा. सासूचा होता, मग माझा झाला, आता सून शेवंता करते. माझे गुडघे गेले म्हणून मी घरी बसले. घसा गेलेला नाही.

पाटी डोक्यावर घेतली की धंदा मिळाला, असं आमच्यात होत नाही. सून घरात आली की आधी सासूच्या मागून फिरते, तोंड मिटून. नुसती हाक ऐकते. मग दोघी एकदम हाक देतात. मग एक दिवस सासू गप्प होते, सून एकटी देते, आणि वरच्या बाईला फरक कळला तर सुनेला परत मागं. गिऱ्हाईक आवाजाला बांधलेलं असतं. तोंड कोण बघतंय तिसऱ्या मजल्यावरनं? माझी सासू गेल्यावरसुद्धा शुक्रवार पेठेतल्या बायका मला तिच्याच नावाने बोलवायच्या. मी दुरुस्त करत बसले नाही.

माझ्या नातीला, ईश्वरीला, हे कुणी शिकवलं नाही. शेवंता तिला पोटाशी बांधून फिरायची, तेवढ्यात जे शिरलं ते शिरलं. शाळेत पोरं तिला 'ए भांडी' म्हणून चिडवायची. कॉलेजात गेली, रॅप करायला लागली, तेव्हा तिने नाव घेतलं एमसी भांडी. मी विचारलं, एमसी म्हणजे काय? म्हणाली, जिच्या हातात माइक असतो ती. आणि भांडी कशाला? म्हणाली, आता पोरांनी चिडवून दाखवावं. पोरगी माझी आहे, यात शंका नाही.

त्या वर्षी जुबेर मुल्लाणी नावाच्या पोरानं ठरवलं की कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी अशा गावांतल्या नऊ गल्ल्यांतली नऊ पोरं-पोरी घ्यायची, प्रत्येकाचं एक गाणं, आणि सगळ्यांचा मिळून एक अल्बम काढायचा. नाव 'नऊ गल्ल्या'. रेक्झिनच्या दुकानावर त्याची रेकॉर्डिंगची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. ईश्वरीचं गाणं सातवं. मी एकदा ऐकायला गेले होते. त्यात ती म्हणायची:

*तू तिसऱ्या मजल्यावर, मी रस्त्यावर उभी,*
*तुझ्या बाल्कनीत झोपाळा, माझ्या घशात खुबी,*
*खाली बघ बाई, विचार नाव माझं,*
*पाटीचं काय घेऊन बसलीस, मानेला नाही ओझं!*

आणि प्रत्येक कडव्यानंतर आमची हाक. भांडंऽऽय घ्या भांडंऽऽय! ती हाक आली की जुबेर खुर्चीवरनं उठायचा. मी उठले नाही, पण पदर सारखा केला.

अल्बम रविवारी निघायचा होता. मंगळवारी दुपारी ईश्वरी घरी आली, चप्पल एकीकडे, पिशवी एकीकडे, आणि भिंतीला टेकून बसली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"माझं गाणं अडवलंय."

"कुणी?"

"तू."

मी तांदूळ निवडत होते. "मी? मी तर सकाळपासनं घराबाहेर पडले नाही."

"तूच, आज्जे. मशीन म्हणतंय हा आवाज केराबाई मोरबाळेचा आहे. मी तुझा आवाज चोरलाय."

*

आता हे काय प्रकरण आहे ते सांगते. जुबेरने मला जेवढं समजावलं आणि मला जेवढं समजलं, तेवढं.

आवाज निघतो घशातल्या दोन पातळ पडद्यांतून. पण तिथं तो नुसता भुणभुणाट असतो. त्याला माणसाचा आवाज करते ती वरची नळी, म्हणजे घसा, जीभ, टाळू, दात, ओठ. नळी कुठं रुंद, कुठं अरुंद, त्याप्रमाणं काही सूर फुगतात आणि काही दबून जातात. प्रत्येकाची नळी निराळी. शास्त्रज्ञांनी असं यंत्र काढलं की ते उलटं चालतं. आवाज ऐकायचा, तो कसल्या नळीतून आला असेल ते शोधायचं, आणि त्या नळीच्या रुंदी-अरुंदीच्या काळ्या रेघा मारायच्या, बिस्किटाच्या पुड्यावर असतात तशा. तिला म्हणतात कंठपट्टी.

त्याआधी खोट्या आवाजांनी लोकांना फार छळलं होतं. लेकाच्या आवाजात फोन यायचा, आई मला वाचव, आणि आई अंगावरचं सोनं काढून धावत सुटायची. लेक आपला घरी झोपलेला. यंत्राने बनवलेला आवाज कानाला खरा वाटतो, पण त्याच्यामागं माणूस नसतो. त्याची नळी काढून बघितली तर शीतपेय प्यायच्या नळीसारखी सरळसोट निघायची. तसा घसा देवाने कुणाला दिलेला नाही. चोर पकडले गेले. आपल्या सगळ्यांना बरं वाटलं, मलासुद्धा.

मग कायदा झाला. फोन असो, टीव्ही असो, लग्नातला कर्णा असो, प्रत्येक स्पीकरच्या पोटात एक दाणा बसवला. दाणा आधी आवाजाची पट्टी काढतो, सरकारी नोंदीत शोधतो, ज्याच्या नावानं आवाज आलाय त्याचंच नाव निघालं तर वाजवतो. नाही जुळलं तर तेवढा आवाज गाळतो. ढोल वाजेल, पेटी वाजेल, कुत्रं भुंकेल. माणूस तेवढा गाळला जाईल.

गाण्यांचं आणखी एक. पुड्यावर पट्टी असते आणि खोक्यावरही असते, तसा प्रत्येक गाण्याला आपला नंबर आणि सगळ्या अल्बमला मिळून एक बारकोड. बारकोड नाही तर अल्बम कुठंच वाजत नाही. आणि नऊपैकी एका गाण्याचा आवाज जरी अडला तरी बारकोड मिळत नाही.

राहता राहिली माझी पट्टी. नोंदणी सुरू झाली तेव्हा रेशन दुकानाशेजारी टेबल मांडलं होतं. तिथली पोरगी म्हणाली, आजी, तुमचा नेहमीचा आवाज द्या. माझा नेहमीचा आवाज कुठला? मी पदर खोचला आणि हाक दिली. रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. दुकानदार माप हातात घेऊन बाहेर आला. पोरीनं कानावरचं काढून ठेवलं आणि म्हणाली, झालं आजी, झालं! बाकी लोकांनी 'माझं नाव अमुक, राहणार तमुक' असं पुटपुटून दिलं. शेवंतानं तर असं दिलं की मांजर बरं. पण आमच्या धंद्यातल्या जेवढ्या म्हाताऱ्या होत्या, सगळ्यांनी हाकच दिली. आवाज मागितला, आवाज दिला. यात कुणाचं काय चुकलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ईश्वरीनं शाळेत असताना बोलून नोंद केली होती. बोलताना तिची पट्टी तिची. पण गाताना आणि हाक देताना जबडा खाली, जीभ मागं, घसा वर, हाडं आमच्याच घरची. तिची नळी माझ्या नळीत जाऊन बसायची. सर्दी झाली, वय झालं, म्हणून माणूस परका होऊ नये यासाठी यंत्र थोडी ढील देतं. त्या ढिलाईत माझी नात मावली.

"परत पाठवून बघू की," मी म्हणाले.

"परत पाठवलं तर चोरी पक्की धरतात," ईश्वरी म्हणाली. "मग माझी बोलायची पट्टीपण बंद. फोनवर मी मुकी. कायमची."

*

संध्याकाळी जुबेर घरी आला. शेवंता फेरीवरून आली होती, बोचकं सोडून शर्ट वेगळे, साड्या वेगळ्या करत होती. जुबेर दारातच बसला.

"आक्का, एक वाट आहे," तो मला म्हणाला. "तुम्ही परवानगी द्यायची. अंगठा लावला की गाणं सुटतं, बारकोड येतो, रविवारी वाजतं."

"मग लाव की माझा अंगठा," मी म्हणाले. "कुठं लावायचा?"

"फक्त गाण्यावर नाव तुमचं येणार. गायिका केराबाई मोरबाळे."

मी खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. "बरं," मी म्हणाले. "फोटो लागेल का? माझा तो लग्नातला आहे, नथ घातलेला."

"आज्जे!" ईश्वरी उठून उभी राहिली. "गाणं मी लिहिलंय. मी रात्रंदिवस घासलंय. आणि नाव तुझं?"

"मग काय बिघडलं? घरातच राहतंय."

"तुझ्या घरात राहतंय! तुझी पाटी, तुझी पेठ, तुझी हाक. आईनं आयुष्यभर तुझा आवाज काढला. तिचा स्वतःचा आवाज कसा आहे ते तिला तरी माहीत आहे का? विचार तिला."

शेवंता शर्टाच्या घड्या घालत होती, तिनं मान वर केली नाही. "मला कशाला ओढतीस," एवढंच म्हणाली. पण घडी मोडून तीच घडी परत घातली.

मला राग आला. "तुझ्या घशात जे आहे ते आकाशातनं पडलं का? माझ्या सासूनं ऊन खाऊन कमावलेलं आहे."

"म्हणून मी जन्मभर तुझी सावली होऊन फिरू?"

"सावलीला एवढी जीभ नसते!"

जुबेर हळूच म्हणाला, "आक्का, मी उद्या येतो."

"बस खाली," मी आणि ईश्वरी एकदम म्हणालो. बिचारा बसला. त्यानं मग शेवंतानं दिलेला चहा कधी संपवला ते कुणाला कळलंच नाही.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही नोंदणी केंद्रात गेलो. मी म्हटलं, सरकारी माणसाला आपण नीट विचारलं तर तो नीट सांगतो, आणि नाही सांगितलं तर आपल्याला नीट बोलता येतं. तिथल्या बाई होत्या देवस्थळी मॅडम. वयानं शेवंताएवढ्या. चांगल्या होत्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. पडद्यावर त्यांनी दोन पट्ट्या एकाखाली एक लावल्या. माझी आणि नातीच्या गाण्यातली.

"बघा आजी, जुळ्या बहिणींच्यापण इतक्या जुळत नाहीत."

मला अभिमान वाटला. ईश्वरीकडे बघितलं, तिनं तोंड फिरवलं.

"मग हिला वेगळी पट्टी द्या," मी म्हणाले. "माझी माझ्यापाशी राहू दे."

"एका पट्टीला एकच नाव असतं. दोन दिली तर उद्या कुणीही येईल, म्हणेल मीपण तीच. ज्या कायद्यानं चोर पकडले तोच मोडेल."

"माझी बदला. मी आता हळू बोलून देते. मला हळू बोलता येतं, लोकांना माहीत नाही एवढंच."

मॅडम हसल्या. "पट्टी बदलता येत नाही. बोटाचे ठसे बदलतात का?"

"मग हिनं करायचं काय?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एक तरतूद आहे. मालकाच्या पश्चात पट्टी वारसाला मिळते. तेव्हा ताईंच्या नावाने गाणं निघू शकेल."

"पश्चात म्हणजे?"

"म्हणजे... तुमच्यानंतर."

"अगं माझे आई," मी म्हणाले, "अल्बम रविवारी आहे. तेवढ्यात मला जमायचं नाही."

बाजूच्या टेबलावरचा कारकून खाली वाकला, काहीतरी पडल्यासारखं. देवस्थळी मॅडम लाल झाल्या. आणि कालपासनं जी माझ्याशी बोलत नव्हती ती माझी नात फिस्सकन हसली. मग हसता हसता तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि ते थांबेचना. मी तिचा हात धरला. तिनं काढून घेतला नाही.

*

गुरुवारी दुपारी जुबेरनं फोन करून बोलावलं. म्हणाला, जमलं. आम्ही तिघीही गेलो, शेवंतानं फेरी बुडवली. एरवी ताप असला तरी ती बुडवत नाही.

"मी आवाज किंचित सरकवलाय," जुबेर म्हणाला. "नळी केसभर लांब, टाळू केसभर खाली. आता पट्टी आक्कांची येत नाही. ईश्वरीच्या बोलण्याच्या पट्टीशी जुळते. मशीन पास करेल. सगळे करतात हे, निम्मे गायक असेच वाजतात." त्यानं बटण दाबलं.

गाणं लागलं. शब्द तेच. ताल तोच. पण हाक आली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बाई बँकेतून बोलतेय, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. घासून पुसून गुळगुळीत केलेली. त्या हाकेवर तिसऱ्या मजल्यावरची बाई उठणार नाही. कूस बदलेल.

"कशी वाटली?" जुबेरनं विचारलं.

मी तोंडात पदर धरला. म्हटलं, आज आपण बोलायचं नाही. काल बोललो तेवढं पुष्कळ.

बोलली शेवंता. माझ्यासमोर ती तोवर कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. "ही कोण आहे?" ती म्हणाली. "ईश्वरी, ही कोण बाई आहे गं? आत्याबाईंची नाही, माझी नाही, तुझीपण नाही. हिला मी घरात घेणार नाही."

ईश्वरी जमिनीकडं बघत होती. "मलाच मी ओळखू आले नाही," ती म्हणाली. "काढून टाक, जुबेर. माझं गाणंच काढ. आठ गल्ल्या करा."

"सगळीकडं नऊ छापलंय. आणि बाकीचे आठ मला सकाळपासनं फोन करतायत. सांगलीचा तौफिक म्हणतो, एका पोरीच्या नखऱ्यापायी आमचं सगळं अडलंय."

"नखरा?" मी उठले. "लाव फोन त्याला."

"आक्का, राहू दे."

"बरं, तू आधी हिचं खरं गाणं लाव. मला कानातली ती बँकेची बाई धुवायची आहे."

जुबेरनं खरं गाणं लावलं, पण घाईत बाहेरच्या साध्या स्पीकरवर लावलं. त्यात दाणा होता, रेकॉर्डिंगच्या स्पीकरला तेवढी कायद्यानं सूट असते. ढोल सुरू झाला, थाळी सुरू झाली, आणि जिथं ईश्वरी यायची तिथं दाण्यानं तिला गाळलं. ताल एकदम तुटायचा, खोलीभर शांत, मग परत ढोल. हाकेच्या जागी तर एवढं मोठं भोक की खालच्या दुकानातली शिलाई मशीन ऐकू येत होती.

"बंद कर रे," ईश्वरी म्हणाली.

माझं डोकं तापलं होतं. "बंद कशाला करतोस? एवढी भोकं पाडलीत तर भोकंच विका म्हणावं. ह्यात कुणाचा आवाज आहे? कुणाचाच नाही. ह्याला तरी देतील का बारकोड, की शांततेलापण मालक लागतो?"

मी शिवी दिल्यासारखंच म्हणाले होते. ईश्वरी मात्र वळली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"जुबेर," ती म्हणाली, "बिनआवाजाच्या गाण्याला पट्टी लागते?"

"नाही. नुसतं वादन म्हणून नोंद होते. लगेच."

"आणि नाव?"

"लिहिणाऱ्याचं, बांधणाऱ्याचं. म्हणजे तुझंच."

ती त्याच्या खुर्चीवर जाऊन बसली, त्याला ढकलूनच. "भोकं सरळ कापलेली पाहिजेत. ही अशी कुरतडलेली नकोत. माझी ओळ जेवढी, तेवढीच मोकळी जागा. आणि हाकेनंतर आणखी थोडं थांबायचं."

"थांबायचं कशाला?"

शेवंता म्हणाली, "वरच्या बाईला ठरवायला. हाक दिल्यावर घाई केली तर ती खिडकीत येत नाही."

जुबेर डोकं खाजवत होता. "पण ईश्वरी, मग तू अल्बमात नाहीसच. पुण्यात, नागपुरात, कुठंच तुझा आवाज जाणार नाही. हे कळतंय ना तुला?"

"कळतंय." बारावीपासनं पोरीनं एकच गोष्ट मागितली होती, लांबच्या माणसानं आपल्याला ऐकावं. "कळतंय. पण जी पोचेल ती मी असले पाहिजे. नाहीतर पोचण्यात काय अर्थ आहे?"

शुक्रवारी नोंद झाली. सातवं गाणं, 'तिसरा मजला', एमसी भांडी, मानवी आवाज: नाही. अल्बमला बारकोड मिळाला.

*

रविवारी संध्याकाळी बाजाराच्या पटांगणात कार्यक्रम होता. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर, समोर हजारभर पोरं. मला पुढं खुर्ची दिली होती. देवस्थळी मॅडम केंद्रातल्या दोघांना घेऊन आल्या होत्या, एकाच्या हातात आवाज मापायचं यंत्र. कुणीतरी तक्रार केली होती म्हणे, की चोरीचं गाणं वाजणार आहे.

सहा गाणी झाली. तौफिकचं चांगलं झालं, मी टाळी वाजवली, नखऱ्याची गोष्ट नंतर काढणार होतेच. मग ईश्वरी आली. माइकपाशी गेली, तो उचलला, आणि स्टेजच्या कडेला आडवा ठेवून दिला.

ढोल सुरू झाला. मग तुटला. त्या मोकळ्या जागेत तिनं नुसत्या घशानं पहिली ओळ टाकली. पुढच्या दहा रांगांनी ऐकली. मागची पोरं ओरडली, "ऐकू येत नाही! माइक घे की!" दुसरी ओळ त्या गोंगाटात गेली. तिसरीही गेली. मला दिसत होतं, तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

कडवं संपलं, हाकेची जागा आली. तिनं हाक दिली आणि ती फुटली. वरच्या सुराला जाताना चिरली, अर्धीच राहिली. कुणीतरी हसलं.

माझा हात आपोआप पदराकडं गेला. मी एक हाक दिली असती तर पटांगणाच्या भिंतीपलीकडची म्हैस उठली असती. श्वास भरलाही होता. शेवंतानं माझं मनगट धरलं, असं धरलं की बांगडी रुतली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आज नाही."

मी श्वास सोडला. माझ्या आयुष्यात मी एवढं जड काही उचललेलं नाही, आणि मी तांब्याच्या हंड्यांची पाटी डोक्यावर घेऊन जिने चढलेली बाई आहे.

दुसरं कडवं आलं. ईश्वरी स्टेजवरून खाली उतरली, गर्दीत शिरली. मोकळ्या जागेत जिथं असेल तिथल्या माणसांच्या तोंडावर ओळ टाकायची आणि ढोल आला की पुढं सरकायचं. आता मागच्यांना ऐकायचं होतं आणि ऐकायचं तर गप्प बसावं लागत होतं. हजार पोरं एकमेकांना 'श्श' करायला लागली. हाकेची जागा आली तेव्हा एवढी शांतता झाली की यंत्रवाल्या माणसाने यंत्र हलवून बघितलं. ईश्वरी पटांगणाच्या मधोमध उभी होती. तिनं जबडा सोडला आणि दिली.

ती माझी हाक नव्हती. सुरुवात माझी होती, पण चिरलेला भाग तिनं लपवला नाही, उलट तिथंच जोर दिला, आणि त्या चिरेतून ती वर गेली. मी तशी कधी दिली नाही. मला देता आलीही नसती. यंत्राला काय वाटलं असतं मला ठाऊक नाही, त्याला कुणी विचारलंच नाही. बाजारासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी उघडली आणि एक बाई ओरडली, "थांब गं, आले!"

पटांगण फुटलं.

यंत्रवाला देवस्थळी मॅडमकडं गेला. "मॅडम, स्पीकरमधून मानवी आवाज: नाही. सगळं नियमात आहे."

"आणि ही मुलगी?" दुसऱ्यानं विचारलं.

"ती स्पीकर नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पर्स काखेत धरली होती आणि टाळ्या वाजवत होत्या.

*

अल्बम वाजू लागला. सातव्या गाण्याच्या मोकळ्या जागांत लोक आपलं आपलं भरायला लागले. रिक्षात ड्रायव्हर भरतात, वसतिगृहात पोरी भरतात. कुणी आपल्या गल्लीचं नाव टाकतं, कुणी वॉर्डनला शिव्या. नुसत्या घशानं भरायचं, कारण रेकॉर्ड करून वाजवायला गेलं की दाणा विचारतो, तू कोण.

पंधरवड्यानं ईश्वरी फोन हातात घेऊन बसली होती, तोंड पाडून.

"आता काय?"

"नागपूरची एक पोरगी आहे. माझ्या गाण्यात तिचे शब्द म्हणते. चौकात उभं राहून. लोक म्हणतात, तिचंच गाणं आहे. मला तिथं कुणी ऐकलेलंच नाही."

शेवंता दारात पाटी भरत होती, मोठी भांडी खाली, वाट्या वर. मी म्हटलं, आता पोरीला समजूत घालावी. मग विचार केला, ही काय समजूत घालण्यातली आहे का.

"मग जा की तिथं," मी म्हणाले. "उभी राहा तिच्या समोर. दे हाक. बघू कुणाच्या आवाजाला खिडकी उघडते."

"नागपूरला?"

"आधी सांगली कर, मग मिरज, मग पंढरपूर-सोलापूर करत जा. पेठ काय एका दिवसात बांधत नाही. तार आवाज नेत नसेल तर नको नेऊ दे, तुला पाय दिलेत ते काय चपला मिरवायला?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग उठली. पिशवीत दोन ड्रेस कोंबले, तिखटमिठाची डबी टाकली. शेवंतानं पाटीतून एक स्टीलचा पेला काढून तिच्या पिशवीत ठेवला.

"आज्जे," ती दारातून म्हणाली, "मी तिथं तुझं नाव सांगणार नाही."

"सांगून तर बघ," मी म्हणाले. "तंगडी मोडीन."

ती हसत गेली. कोपऱ्यावर पोचल्यावर तिनं एक हाक टाकली, उगाचच, घसा मोकळा करायला. शेजारच्या तारामावशी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "केराबाई, ही कोण नवीन आली गं?"